यशोदेचं गाऱ्हाणं

आचऱ्याच्या आतल्या अंगाला, काजूच्या डोंगरांमधल्या एका गावात यशोदा राहते. नवरा गेला, पदरात एक मुलगी, तरी त्याच्या वाटणीची काजूची बाग तिने सोडली नाही. कलमं तिने लावली, कुंपण तिने घातलं, वानर तिने हाकलले. बाग धरायला लागली तशी थोरला दीर सत्यवान जागा झाला. यंदा बी गोळा करायला त्याने आपली माणसं घातली. वर म्हणाला, गावच्या बैठकीत ठरेल ते खरं.

बैठक देवळात, मानकऱ्यांसमोर. तिथे बाईने बोलायचं नाही. तिची बाजू घरातल्या थोरल्या पुरुषाने मांडायची. आता थोरला कोण? सत्यवानच! मी तिची मैत्रीण, माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "यशोदाबाय, सरळ कोर्टात चल."

"कोर्टात जातलंयच गो. पण गावान माका चोर ठरवक नको. पयली थंय बोलतलंय."

आम्ही दोघी गेलो. बायकांनी थांबायचं ते पायरीवर; तिथे न थांबता ती थेट आत, देवासमोर उभी राहिली. मुख्य मानकरी लवूकाका गुरगुरले, "तुझ्या वतीन सत्यवान बोलतलो."

"भांडाण तेच्यावांगडा आणि वकील पण तोच? काका, तुमच्या घरात असा चलता?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. सत्यवान ओरडला, "बायलमाणसान हयसर तोंड उघडूचा नाय!"

"तुमच्याकडे कोण बोलता? देवाक सांगतंय." तिने हात जोडले आणि खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! ही कलमां माझ्या हातान लायली..."

"व्हय म्हाराजा!" अख्खा मंडप घुमला. जन्माची सवय, गाऱ्हाण्याला गाव हुंकार देणारच.

"पाणी माझ्या डोक्यावरसून चढला..."

"व्हय म्हाराजा!"

"घोवाच्या वाट्याची बाग माझी आणि माझ्या चेडवाची..."

"व्हय म्हाराजा!" यात सत्यवानाचाही आवाज होता. भान आलं तशी त्याने जीभ चावली.

लवूकाकांनी टोपी काढली, परत घातली. "सत्यवाना, तू पण व्हय म्हटलंस."

"सवयीन, काका!"

"देवासमोर म्हटलंस. बाग तिची. तुझी माणसां काढ."

यशोदा हलली नाही. "आणखी एक. फुडल्या बैठकेक बायलमाणसां आत बसतली."

"ता मगे बघूया."

"बघूया नाय. बसतली."

आणि मानकऱ्यांच्या रांगेसमोर पदर खोचून ती तिथेच खाली बसली. तिच्या शेजारी मी. उठवून बघा म्हणावं.