किडकी अक्षरं

बसलीस लिहायला? मग इनेन केमालाचं लिही. माझं काय, मी दाणे निवडता निवडता म्हातारी झाले. तिचं खरं नाव मला विचारू नकोस, रेंगाली. आपल्यात पहिलं लेकरू झालं की बाई त्याच्याच नावाची होते. इनेन केमाला, म्हणजे केमालाची आई. आता केमालाला पोरं झाली, तरी ही आपली केमालाची आईच. जुनी हाक तोंडातून जात नाही.

तेव्हा आम्ही बायका तोकेच्या गोदामात कॉफी निवडायचो. तोके म्हणजे माल घेणारा व्यापारी, अमान जोहर. मांडीवर सूप, बोटं चालू, आणि तोंड बोटांपेक्षा जास्त चालू. काळा दाणा काढ, फुटका काढ, किडीने भोक पाडलेला काढ. भोकवाला एक जरी राहिला तरी तोके अख्खं सूप परत पाठवायचा. आणि पोरं कुठे ठेवणार? ती तिथेच, पोत्यांवर लोळायची. तू, माझी नात, माझ्या आणि तुझ्या आईच्या मधे.

एक दिवस तू निवडलेल्या ढिगात टाकाऊ दाण्यांची टोपली ओतलीस. वर टाळ्या वाजवल्यास! तोके लाल झाला.

"बास! जुम्म्यापासून एक पोर आत दिसता कामा नये. पोर सोडून येता येत नसेल तिने घरी बसावं."

घरी बसून चूल कशी पेटणार होती आपली? तुझी आई खाली मान घालून डोळे पुसायला लागली. मी तुला एक धपाटा घालणार, तेवढ्यात इनेन केमाला उठली.

"तोके, पोरांच्या हाताला काम नाही म्हणून ती आमचं वाढवतात. ते टाकाऊ दाणे मला द्या. पोरांकडून निवडून घेते."

"टाकाऊतलं काय निवडायचं?"

"ते पोरं सांगतील. जुम्म्याला येऊन बघा."

"बघतो. नाही जमलं तर तूही सूप ठेवून जायचं."

"ठेवीन," म्हणाली. छातीच म्हणायची बाईची.

शाळेत ती थोडीच गेलेली, पण वाचायची. पोत्यावरचं, डब्यावरचं, दिसेल ते. मला म्हणायची, "अगं, अक्षर ओळखायचं म्हणजे काय? हे त्याच्यासारखं, ते नाही. आपण दिवसभर दुसरं काय करतो?" खिडकीखाली चटई टाकून तिने पोरं बसवली. आधी दाणे, मग बटणं, पानं, बाटल्यांची झाकणं. चूक म्हणून कधी म्हणाली नाही. एकच विचारायची, "ही दोघं शेजारी का बसवलीस?" एका पोराने झाकणं वेगळी केली, तर लाल एकीकडे, निळी एकीकडे असं नाही. आजोबांच्या औषधाची इकडे, बाकीची तिकडे! तिला कोण आनंद.

मग तोंडाने निवडायचं. कुंची म्हणजे किल्ली, केरो म्हणजे भात, कुपी म्हणजे कॉफी. बोलायला लागताना तोंड सारखंच होतं, म्हणून तिन्ही एका टोपलीत. गुतेल दुसऱ्या टोपलीत. पिठाचा, खोबरं घातलेला गोड गोळा टोपलीत किती टिकणार, ते सोड.

पण तू! काहीही पुढे ठेवलं की आजीला हाक मारून तुझं एकच. "अनान, यातलं वाईट कुठलं?"

इनेन केमाला माझ्याकडे बघून म्हणाली, "बघ. पोरींनी आपल्याकडे बघून निवडणं उचललं, पण नुसतं फेकायचं."

जुम्म्याला नमाजाच्या आधी तोके आला. इनेन केमालाने खोक्याच्या पुठ्ठ्याची अक्षरं कापली होती, आतली भोकंसुद्धा कात्रीच्या टोकाने कोरलेली. ती तिने तुझ्यापुढे ओतली. तू भराभर दोन वाटे केलेस. एक चटईवर, दुसरा उचलून थेट टाकाऊच्या पोत्यात.

"हे काय?" तोके म्हणाला.

"ती किडकी आहेत," तू म्हणालीस. आणि त्यातल्या एकाच्या भोकात बोट घालून दाखवलंस.

तुझ्या आईने पदरात तोंड लपवलं. माझे हात सुपावर थांबले. तोके मात्र खाली बसला. सवयच त्याची, चटईवरचं एकेक अक्षर उजेडाला धरून बघितलं.

"भोकवालं एकही नाही राहिलं," तो म्हणाला. "आणि तुमच्यावर मी रोज ओरडतो!"

कोपऱ्यातून साले नावाची आमच्यातलीच एक बोलली, "मग तिलाच ठेवा की आमच्या जागी."

"ठेवली असती. मजुरीत गुतेल मागेल!" हसता हसताच तो उठला. "राहू देत पोरं. पण माझ्या ढिगापासून लांब."

दुसरी कुणी असती तर तिथेच थांबली असती. इनेन केमालाने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तुझ्या नावातली जी अक्षरं चटईवर उरली होती, ती तिने ओळीत मांडली. मधे मधे जागा रिकामी.

"हे तुझं नाव. बाकीचं तू फेकलंस. आता एवढ्यानेच हाक मारते हं." आणि घशातून काहीतरी चमत्कारिक आवाज काढला, घोट अडकल्यासारखा.

पोरं हसून गडबडा लोळली. तू पण हसलीस, आणि मग तोंड वाकडं करून रडायला लागलीस. रडत रडतच पोत्याकडे गेलीस, खांद्यापर्यंत हात घातलास आणि एकेक अक्षर काढून फ्रॉकला पुसलंस. इनेन केमाला त्याचा आवाज तोंडाने काढायची, तू जागा शोधायचीस. किती चुकलीस, कुणी मोजलं नाही. शेवटी तिने ओळीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "रेंगाली." तशी तू "ओ" दिलीस, डोंगरापलीकडे ऐकू जाईल अशी!

तो तोके गेला, गोदाम दुसऱ्याचं झालं, पण खिडकीखालची चटई अजून तिचीच आहे. वर्षानुवर्षं पोरं त्या चटईवरून उठून शाळेत गेली. माझ्या मैत्रिणीने बसवलेली, हे मी बाजारात कुणालाही सांगते, कुणी विचारो न विचारो.

आण, कागद इकडे दाखव. मला काही वाचता येत नाही. पण बघ की, केवढी भोकं आहेत तुझ्या ओळीत. राहू दे गं. एकही काढू नकोस.