तव्याचा चटका आणि तीन महिने

आठवीत शाळा सुटली तेव्हापासून कुणी ओरडलं की मी आधी "चुकलं" म्हणतो आणि मग काय चुकलं ते विचारतो. या सवयीनं लोधिवलीच्या ढाब्यावरची नोकरी टिकवली, आणि तिनंच मला शिक्षाही मिळवून दिली.

मी हिंगोलीकडचा, ढाब्यावर भाकऱ्या थापतो. भाताचं पातेलं ज्याच्याकडं असतं तो इथल्याच भातपट्ट्यातला, पोशीर गावचा. एकदा तो म्हणाला, "ज्वारी आमी पाखरांना घालतो रं."

मी म्हणालो, "तुमचा भात खाऊन हात धुवेस्तोवर परत भूक लागते."

या तावातावात त्याचा हात तापल्या तव्यावर टेकला. मग काय, कोथिंबिरीच्या जुड्यांनी एकमेकांना झोडपत आम्ही थेट रस्त्यावर. टेंपो थांबले, लोकांनी मोबाइल काढले, शेवटी पोलीस आले.

कोर्टात आरोप एवढाच होता की, रस्त्यावर मारामारी करून लोकांची शांतता मोडली. वकील नव्हता. आरोप वाचून व्हायच्या आतच मी "कबूल" म्हणालो. पोशीरवाल्यानंही मान डोलावली. न्यायाधीशांनी त्याच्या हाताची पट्टी बघितली.

"हे कशानं?"

तो तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "माझ्यामुळंच झालं, साहेब."

त्याला दंड झाला. मला तीन महिने कैद. मी वाकून म्हणालो, "उपकार झाले."

ढाब्याच्या मालकीणबाईंनी कपाळावर हात मारला. त्यांनीच जामिनावर सोडवलं आणि भिसेगावच्या वकीलबाईंकडं नेलं. त्यांचे उपकार कुठं फेडू?

वकीलबाई कागद वाचून म्हणाल्या, "कबुली दिलीस, ती आता परत घेता येणार नाही. पण या कलमाला जास्तीत जास्त एक महिना आहे. दुखापतीचा आरोपच तुझ्यावर नव्हता. हे तीन महिने आले कुठून?"

"साहेबांनी दिले."

"ते कळलं रे!"

सोबत आलेल्या पोशीरवाल्यानं समजावलं, "गिऱ्हाईकानं लिमिटेड थाळी सांगितली, नि आपण तिप्पट वाढून तिप्पट बिल लावलं, तर तक्रार करंल का नाय?"

"मी नसती केली."

"म्हणून तर आत चाललायस!"

अपील केल्यावर वरचे साहेब चिडून सहा महिने करतील, या धास्तीनं माझ्या भाकऱ्या करपू लागल्या. आरोपीच्या अपिलात शिक्षा वाढत नाही, हे वकीलबाईंनी परोपरीनं सांगितलं. शेवटी दम दिला, "तिथं अवाक्षर काढायचं नाही. आभारसुद्धा नाही."

वरच्या कोर्टात साहेबांनी कागद उलटसुलट बघितले. म्हणाले, या आरोपाखाली इतकी शिक्षा देताच येत नाही. तुरुंग रद्द. थोडा दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत इथंच बसून राहायचं.

माझे डोळे भरून आले, हात जोडले गेले, तोंड उघडलं... तेवढ्यात पोशीरवाल्यानं माझ्या पायावर पाय दिला.

मी बाकावर बसलो. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, तरी तोही शेजारी बसला. थोड्या वेळानं कुजबुजला, "आईनं डबा दिलाय. भात हाय."

"भाकरी असती तर पोटाला आधार झाला असता."

"पाखरा, गप रं!"

"पाखरू कुणाला म्हणतो?"

वकीलबाई गर्रकन वळल्या. "अरे, ही सार्वजनिक जागा आहे!"

आम्ही अजून भांडतो. फक्त आधी स्वयंपाकघराला आतून कडी लावतो. लागली का नीट, ते तो दोनदा ओढून बघतो.