निळ्या कडेची खापरी

लेलँड,

कॉलमात 'मी' लिहिणाऱ्या वार्ताहराला तू नटवा म्हणायचास. बरं, नाही लिहीत. पण तू गेल्यावर पेपरने तुझ्यावर चार परिच्छेद छापले आणि त्यात तुला 'निःपक्षपाती' म्हटलं. निःपक्षपाती, आणि तू! वाचून हातातली कॉफी खाली ठेवावी लागली. कोणीतरी खरं सांगायला हवं. तेव्हा इथून पुढे तू 'तो', आणि मी वर्ना, हर्नाकांची थोरली, शाळेत इतिहास शिकवणारी. मध्ये बोलू नकोस.

लेलँड प्रॉबस्टला पॉटर्सचं वेड बापाकडून लागलं. केलर्सबर्गात निम्मं गाव चिनीमातीच्या कारखान्यांत कामाला. बाप भट्टीवर होता आणि रविवारी पोराला खांद्यावर घेऊन सामन्याला जायचा. पॉटर्स म्हणजे काही मोठा संघ नव्हे. बेसबॉलच्या उतरंडीतलं सगळ्यात खालचं मडकं. पण पोराला वाटलं, जगात संघ एकच आहे आणि बाकीचे त्याच्याशी खेळायला येतात. हे मत त्याने पुढे कधी बदललं नाही. मोठ्या शहरातल्या पेपरची नोकरी चालून आली तेव्हा त्याने एकच विचारलं, "तिथून पॉटर्सचे सामने दिसतील?" दिसणार नव्हते. विषय संपला.

घोळ असा, की वार्ताहरांच्या खोलीत टाळी वाजवायची नाही हा या धंद्याचा दंडक. तिथे बसून ओरडलास की तू वार्ताहर नाहीस, प्रेक्षक आहेस, ऊठ. लेलँडने यावर तोडगा काढला. दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून तो सामना बघायचा. शेवटी हातांना अशा मुंग्या यायच्या की टाइपरायटरच्या कळा धड लागायच्या नाहीत. गावातल्या कोणाहून जास्त प्रेम या माणसाचं, आणि टाळी एकदाही नाही.

लहान गावात वार्ताहरच अधिकृत स्कोअरर असतो. फलंदाज पळत पहिल्या तळावर पोहोचला, तर तो त्याच्या फटक्याने पोहोचला की क्षेत्ररक्षकाच्या चुकीने, हे स्कोअररने ठरवायचं. एक बोट वर केलं की 'हिट', मूठ दाखवली की 'चूक'. फळ्यापाशी बसलेला म्हातारा ऑटो त्याप्रमाणे पाटी लावायचा.

ज्या रविवारचं सांगायचंय त्या दिवशी पॉटर्सचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, होता मायलो हर्नाक. वर्नाचा धाकटा भाऊ. नवांपैकी आठवा डाव आला तरी पाहुण्यांना एकही हिट मिळाला नव्हता. असा सामना पुरा झाला तर त्याला नो-हिटर म्हणतात, आणि होत असताना तो शब्द तोंडातून काढायचा नसतो. बाकावर मायलोच्या शेजारचे दोघं-तिघं सरकत सरकत टोकाला गेले होते. कोणी त्याच्याकडे बघेना, जसं काही त्याला गोवर आलाय. प्रेक्षकांत मोठ्या क्लबचा एक माणूस बसला होता, खेळाडू हेरणारा. सामन्याआधी तो प्रशिक्षक डच रेनरला म्हणाला होता, "तुमचा पोरगा बरा आहे. पण बरे पुष्कळ असतात. वर दाखवायला काहीतरी द्या मला."

आणि तो फटका आला. फटका कसला, सरपटता चेंडू. दुसऱ्या-तिसऱ्या तळांच्या मधला क्षेत्ररक्षक, शॉर्टस्टॉप रॉय टिबेटने गुडघा टेकला, ग्लोव्ह जमिनीला लावला, सगळं शिकवल्याबरहुकूम. शेवटच्या क्षणी चेंडू उसळला, रॉयच्या खांद्याला लागून मागे गेला आणि फलंदाज तळावर पोहोचला.

सगळं मैदान वळून छतावरच्या खोलीकडे बघायला लागलं. उशिरा येणारा पहिला हिट धडधडीत असावा, शंका असली तर क्षेत्ररक्षकाच्या माथी मारावी, असा रिवाज आहे. नियमात नाही, पण पाळतात सगळे. लेलँडने मांडीखालून हात काढला आणि एक बोट वर केलं.

ऑटोने पाटी हातात घेतली, पुन्हा वर बघितलं, पुन्हा बघितलं. बोट तसंच. मग त्याने 'हिट' लावली.

पॉटर्स सामना जिंकले. ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

डच जिना चढून आला तोच दम लागलेला. "लेका, तू कोणाचा आहेस? त्यांचा का आपला?"

"आपला."

"मग मूठ कर की! उद्या दुपारपर्यंत तुझा स्कोअरचा कागद लीगकडे जायचा आहे. तोवर बदलता येतं, मला शिकवू नकोस. तो माणूस हॉटेलात थांबलाय."

"चेंडूने दगा दिला, डच. रॉयने नाही."

"तुला माडीवरून दिसलं?"

"दिसलं."

"बाप असता तुझा तर कानाखाली दिली असती!"

"बाप असता तर त्यालाही हिटच दिसला असता," लेलँड म्हणाला, पण तोवर डच निम्मा जिना उतरला होता.

पाठोपाठ रॉय आला. टोपी हातात, बुटांना माती. "मिस्टर प्रॉबस्ट, माझी चूक लावा. मला चालेल. एक चूक, कोण लक्षात ठेवतंय?"

"तू केलीस का?"

"लावा म्हणतोय ना मी."

"मी विचारलं, केलीस का?"

रॉयने टोपी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाला, "मायलो माझ्यासाठी हेच करेल."

"करेल. चांगला आहे तो. पण न केलेली चूक मी तुझ्या नावावर मांडणार नाही, आणि न झालेला पराक्रम त्याच्या. आपल्या पॉटर्सना मिळेल ते अस्सल मिळेल. जा, आंघोळ कर."

मैदानाबाहेर वर्ना उभी होती. तिने नमस्कार-चमत्कार काही केला नाही. "माझ्या भावाचं आयुष्य एका बोटावर ठेवलंस तू. तुला खात्री आहे?"

लेलँड खोटं बोलू शकला असता. "सगळी नाही," तो म्हणाला. "इथे पाऊस पडला की काय वर येतं तुला माहीत आहे. मला वाटतं चेंडू खापरीवर आपटला. सकाळी ये. शोधू. नाही सापडली तर तुझ्यासमोर मूठ करतो."

केलर्सबर्गचं मैदान कारखान्यांच्या फुटक्या मालावर भर घालून केलेलं. पाऊस झाला की कपाचे कान, बशांच्या कडा, किटलीच्या चोची जमिनीतून डोकं वर काढतात. माळी सामन्याआधी बादलीभर वेचायचा आणि तरी एखादी राहायचीच.

सोमवारी सकाळी दोघं गुडघ्यांवर बसून शोधत होते. वर्ना स्कर्ट खोचून, लेलँड चष्मा पुसून पुसून. ओलसर मातीत रॉयच्या गुडघ्याचा खळगा अजून स्पष्ट होता. त्याच्या वीतभर पुढे वर्नाच्या बोटाला काहीतरी टोचलं. बशीचा तुकडा, निळ्या कडेचा, मातीत उभा रुतलेला. वरचा टवका ताजा उडालेला, पांढराशुभ्र, आणि त्या टोकाला चेंडूच्या मळक्या चामड्याचा तपकिरी ओरखडा.

तिने मूठ मिटली.

"काय सापडलं?"

तिच्या डोळ्यांपुढे मायलो होता, सकाळी न्याहारी तशीच टाकून उठलेला. लेलँड नुसता तिच्या मुठीकडे बघत राहिला. मग वर्नाने मूठ उघडली. हर्नाकांच्या घरात पुष्कळ दोष होते, पण डोळ्यांनी बघितलेलं लपवायची सवय नव्हती.

"वर्ना," तो म्हणाला, "सापडू नये म्हणून रात्रभर देवाला विनवत होतो मी." आणि मैदानात, मातीत, विजारीसकट तो खाली बसला आणि दोन्ही हात त्याने मांड्यांखाली घातले.

याला लोक निःपक्षपाती म्हणतात!

मग तो उठला, विजार झटकली आणि कागद टपालात टाकून आला. जसाच्या तसा.

आमच्या गावात एखाद्याशी बोलणं तोडायचं असलं की त्याच्या पायरीवर फुटका कप ठेवतात. त्या आठवड्यात लेलँडच्या पायरीवर दुकान मांडता आलं असतं. गस न्हाव्याने खुर्ची रिकामी असून सांगितलं, "आज गर्दी आहे." लेलँड घरीच दाढी करायला लागला, हनुवटी कापून घेतली आणि तशीच घेऊन पुढच्या सामन्याला खोलीत जाऊन बसला. फुटक्या कपांत त्याने जिरॅनियम लावले. पुढे इतके फुलले की गसची बायको कलमं मागायला आली.

हेरायला आलेला माणूस दुसऱ्याच कोणाला तरी घेऊन गेला. मायलो हंगाम संपल्यावर अ‍ॅक्रनला टायरच्या कारखान्यात लागला. वर्नाने त्याला फोनवर खापरीचं सांगितलं. तो म्हणाला, "आणून दाखवा. मग बोलू."

"तू घेऊन जा," लेलँड वर्नाला म्हणाला. "भाऊ तुझा."

"बोट तुझं," ती म्हणाली. "तू जा."

"पोस्टाने पाठवली तर?"

"मग तू कशाला हवास? टपालवाल्यालाच बोलू दे त्याच्याशी."

त्याला ते पटलं. ठरलं असं, की पुढचा हंगाम संपला की दोघांनी त्याच्या गाडीने अ‍ॅक्रनला जायचं. खापरी वर्नाच्या स्वयंपाकघरात, खिडकीत, साबणाच्या बशीत राहिली.

पण पॉटर्सचा हंगाम संपला की लेलँडला पुढच्या हंगामाची काळजी लागायची. कोण येणार, कोण जाणार, छत गळतंय, दिवे कोण बसवणार. वर्गणीसाठी तो दारोदार फिरायचा, ज्यांनी कप ठेवले त्यांच्याही दारात. गावातले लोक घरात बसून टेलिव्हिजन बघायला लागले, आणि एका वसंतात संघ बंदच पडला. मैदानात लाकडाची वखार आली. त्या वर्षी हंगामाच्या पहिल्या दिवशी लेलँडने कॉलमाच्या शेवटी एक ओळ टाकली, 'पॉटर्स आज मैदानावर नाहीत. हवा चांगली आहे.' संपादकाने पुढच्या वर्षी ती काढली. लेलँडने त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा घातली. संपादक बदलले, ओळ नाही.

"आता तरी चल," वर्ना म्हणायची. "आता कसला हंगाम? संघच नाही!"

"संघ नाही म्हणून हंगाम नाही?" तो चिडायचा. "कोणी सांगितलं संपला?"

दोघांचे केस पांढरे झाले. तिकडे मायलोचेही झाले असणार. फोनवर तो हवापाण्याचं बोलतो, मुलांचं बोलतो, आणि ठेवताना न चुकता विचारतो, "आणताय ना?"

मागच्या पानगळीत लेलँड तिच्याकडे कॉफीला आला. खिडकीतून खापरी उचलून त्याने तो टवका अंगठ्याने चाचपला, बाही लावून पुसली आणि परत बशीत ठेवली. "गाडीचं तेल बदलून घेतो," तो म्हणाला. "अ‍ॅक्रनचा रस्ता आता चांगला झालाय म्हणे. एवढा हंगाम होऊन जाऊ दे, वर्ना. मग निघू."