पाचाची ओळ

पोशेऱ्याची जयवंती मटका लावायला लागली, ही बातमी बाजारच्या जीपमधून गावात उतरली. भिंतीला आकड्यांचा कागद, त्यावर बोट फिरवत पोरगी पुटपुटते, मग दुसरं काय असणार? गावातल्या तुळशीदासने तर दारातूनच विचारून ठेवलं, “आज कुठला येणार गं?”

मटका कसला, ते टी-टेबल होतं, थोड्या नमुन्यांवरून किती खात्रीने बोलता येईल ते सांगणारा तक्ता. जयवंती जव्हारला कॉलेजात संख्याशास्त्र शिकते. तिचा बाप सोम्या गेल्या उन्हाळ्यात गेला. मागे राहिलं त्याचं जुनं नागलीचं, म्हणजे नाचणीचं, बी. ते बाजारच्या बियाण्यापेक्षा जास्त पिकतं हे तिने दाखवलं, तरच तालुक्याच्या बियाणे-वाटपात जाणार होतं. नाहीतर आईच्या कणगीत पडून राहायचं.

तिने दहा जणांच्या विनवण्या करून प्रत्येकाच्या शेतात दोन्ही बियाणी शेजारी-शेजारी लावून घेतली. पण दुःखाच्या वर्षी त्या घरची झोडणी शेजाऱ्यांनी उरकायची, ही गावाची रीत. सोम्याच्या बियाची नागली ती सोम्याच्या घरचीच, असं धरून शेजारच्या वेणूकाकूने बायका जमवल्या आणि चार शेतांतली नागली एकाच खळ्यावर झोडली. तीही अगदी मायेनं. जयवंती परीक्षा देऊन आली तेव्हा खळ्यावर एकच ढीग होता. कुठल्या शेतातली किती, कोण सांगणार?

उरली सहा शेतं. बापाचं बी गुंठ्याला सरासरी २.४ किलो जास्त, त्या सरासरीची प्रमाणत्रुटी, म्हणजे ती खरी किती डळमळते त्याचं माप, एक किलो. पंच्याण्णव टक्के खात्री हवी, म्हणून दोन्ही टोकांना अडीच-अडीच टक्के सोडून ०.०२५ चा रकाना. तक्त्याच्या नियमाने सहातून एक वजा, पाचाची ओळ. बोट २.५७१ वर थांबलं. २.४ मधून एक किलोच्या तेवढ्या पट गेलं की खालचं टोक शून्याच्याही खाली. म्हणजे फरक नसेलही. दहा शेतं टिकती आणि त्रुटी तेवढीच राहती, तर नवाच्या ओळीत २.२६२ होतं, थोडक्यात निभावलं असतं.

तिची आई हिरी चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. वेणूकाकू मात्र कागदाला नाक लावून उभी.

“तळाला बारका आकडा हाये ना गं? १.९६?”

“तो नमुने ढीगभर असले की घ्यायचा, काकू.”

“मग घे की! सोम्याचं नाव राहील. कोण बघायला येतंय?”

जयवंतीने बोट हलवलं नाही.

“सहा शेतं राहिली तर पाचाचीच ओळ, काकू. बाकीची चार तुम्हीच झोडलीत ना?”