अण्णाने जोडलेला पंखा

माझा थोरला भाऊ खंडोजी गाडीच्या रेडिएटरमधलं पाणी चाखून बघायचा. बोट बुडवायचं, जिभेला लावायचं आणि थुंकून टाकायचं. मग म्हणायचा, गंज आहे, किंवा तेल उतरलंय. गाडीचा मालक काही सांगायला लागला की हात वर करायचा. "स्वल्प थांबा. आधी पाणी काय म्हणतं ते ऐकू, मग तुमचं." आम्ही सगळे त्याला अण्णा म्हणायचो. कलासिपाळ्यात त्याची पत्र्याची शेड होती आणि गाड्यांच्या वायरिंगमध्ये त्याचा हात धरणारा बेंगळुरात कुणी नव्हता. हे मी बहीण म्हणून सांगत नाही. त्याचे दोष मला पुष्कळ माहीत आहेत. तो हट्टी होता, अंघोळीचा कंटाळा करायचा, आणि कुणी टोचून बोललं की त्याला सहन व्हायचं नाही. हा शेवटचा दोष लक्षात ठेवा.

आमच्या ह्यांची टॅक्सी होती. जुनी विलायती गाडी. राजाजीनगरात तेव्हा घरं थोडी आणि माळ जास्त. आमच्या दारात गाडी उभी असायची म्हणून आमचं घर ओळखलं जायचं. हे भाविकांना घेऊन तिरुपतीला जायचे, कधी नंदीच्या डोंगरावर. घाटात गाडी तापायची. तेव्हाच्या गाड्यांचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचा. चढावर इंजिन सावकाश, म्हणून पंखाही सावकाश. वारा नेमका हवा तेव्हाच नाही. अण्णाने लष्कराच्या भंगारातून एक छोटी मोटर आणली, तिला लोखंडी पाती बसवली आणि तो विजेचा पंखा रेडिएटरच्या पुढे लावून दिला.

आधी त्याची वायर किल्लीवरून घेतली होती. किल्ली बंद केली की पंखा बंद, आणि तापलेलं इंजिन उभ्या उभ्या उकळायचं. मग अण्णाने थेट बॅटरीवरून जाड वायर ओढली आणि ह्यांच्या गुडघ्यापाशी बटण दिलं. आता किल्ली काढली तरी पंखा चालू ठेवता यायचा. पण हे विसराळू. घाटात बटण लावायला विसरायचे, घरी आल्यावर बंद करायला विसरायचे. एकदा तिरुपतीची माणसं पहाटे सामान घेऊन दारात आली आणि बॅटरी मेलेली. गाडी हूं की चूं करेना. ती माणसं आमच्यादेखत दुसऱ्या टॅक्सीत बसून गेली.

त्याच दिवशी मी एकटी शेडवर गेले. अण्णाला म्हटलं, बटणाची भानगडच नको. पाणी तापलं की पंखा आपोआप लागू दे, निवलं की आपोआप बंद होऊ दे. तो नको म्हणाला.

"यमे, आपोआप चालणाऱ्या वस्तूला डोळे नसतात."

मी म्हटलं, "तुला येत नाही असं सांग की सरळ."

तो गप्प बसला. मला ठाऊक होतं तो गप्प बसला म्हणजे करणार. जुन्या विजेच्या इस्त्रीतली पट्टी त्याने काढली, जी तापली की वाकते. ती रेडिएटरला अशी बसवली की पाणी तापलं की वाकून वायरीला वायर जोडायची. फार सुरेख काम होतं. इतर टॅक्सीवाल्यांनी मागितलं, त्याने कुणाला दिलं नाही. ह्यांना मात्र दहा वेळा बजावलं, बॅटरीची वायर काढल्याशिवाय पुढे हात घालायचा नाही. हे म्हणाले, सरी, सरी, बरं बरं.

तो उन्हाळा गाडी एकदाही तापली नाही.

पुढच्या फाल्गुनात हे नंदीवरून परतले. दारात गाडी थांबवली, किल्ली काढून खिशात टाकली. जाळीत वाळलेल्या पानांचा गठ्ठा अडकला होता, तो काढायला बोनेट उघडलं. इंजिन बंद, पंखा बंद. सगळ्या जन्मात गाडीवाल्याला हेच माहीत की इंजिन थांबलं की पंख्याची भीती नाही. पण थांबलेल्या गाडीतलं पाणी थोडा वेळ आणखी तापतं. पट्टी वाकली. मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. ह्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

दवाखान्यात माझ्या सासूने अण्णाला सगळ्यांसमोर धरलं. "तुझ्या यंत्राने माझ्या लेकाचा हात खाल्ला." अण्णा म्हणाला, "हो मामी, माझंच चुकलं." एवढंच. माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी बोलले असते, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. मी बोलले नसते.

टॅक्सी विकली. हे एका गिरणीच्या फाटकावर बसू लागले. आमच्या घरात अण्णाचं नाव काढायचं नाही असं ठरलं. भाऊबीजेला तो शेजारणीच्या हाती लुगडं पाठवायचा. मी ते नेसायची आणि नवऱ्याला सांगायची, मावशीने दिलं. सहा वर्षं असं चाललं. त्या सहा वर्षांत अण्णाने पंख्याच्या कामाला हात लावला नाही. दिवे आणि हॉर्न, एवढंच.

मग त्याला कावीळ झाली आणि ती वाढतच गेली. मी सरकारी दवाखान्यात गेले तेव्हा तो हळदीसारखा पिवळा झाला होता. मी म्हटलं, "अण्णा, आज मी ह्यांना सांगते. हट्ट माझा होता."

"वायर कुणी जोडली?" तो म्हणाला. "मी. नको म्हणायला मला तोंड होतं. बिडु, यमे, सोडून दे. तुला त्या घरात राहायचंय."

तिसऱ्या दिवशी तो गेला. हे मातीला आले नाहीत.

तेरावा झाल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं. ते जेवत होते, डाव्या हाताने. त्यांनी घास खाली ठेवला.

"तो होता तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुम्ही माझ्याशीही बोलणं टाकाल म्हणून."

ते म्हणाले, "टाकलं असतं."

मला वाटलं आता टाकतील. टाकलं नाही. पण रोज संध्याकाळी गिरणीतून आले की ओसरीवर बसायचे आणि मला विचारायचे, खंडोजी लहानपणी कसा होता, कुणाजवळ काम शिकला, त्याला खायला काय आवडायचं. मी सांगायची. माझं सांगून संपलं की ते म्हणायचे, आणखी सांग. माझ्याजवळ आणखी नसायचं. त्याची शेवटची सहा वर्षं मलाही माहीत नव्हती.