सांध्यावर सांधा

नांदेडला अन्नातला किरणोत्सर्ग तपासायची आमची प्रयोगशाळा उभी राहत होती, पण यंत्र काही ताळ्यावर येत नव्हतं. आत काहीच न ठेवता आकडा चढलेला. बाहेरचे किरण अडवायला यंत्राभोवती शिशाच्या विटा दुहेरी रचल्या होत्या, त्याही मीच, मोठ्या ऐटीत, एकावर एक अगदी ओळीत.

फरशी बसवायला लातूरकडचा एक गवंडी आला होता. कानावर पेन्सिल, आणि बोलण्याआधी भिंतीवर बोटाचं पेर वाजवायची सवय. त्याने माझ्या विटा वाजवल्या.

“सर, सांध्यावर सांधा आणलाव की. भूकंपात आमचं घर असल्याच भिंतीनं गेलं. यात काय मोजणार हाव?”

“दूध, अर्धापूरची केळी. खायला चालतात का ते.”

“म्हंजे लेकराच्या तोंडात जाणार. मग उतरवा सगळ्या.”

त्या जड विटा त्यानेच उतरवल्या आणि खालचा प्रत्येक सांधा वरच्या विटेखाली आणि आतला प्रत्येक सांधा बाहेरच्या विटेमागे झाकला जाईल अशा पुन्हा रचल्या. शेवटच्या विटेवर पेर वाजवलं आणि फरशीकडे वळला. नाव विचारायचं राहिलंच.

फटींतून शिरणारे किरण अडले, आकडा उतरला. पहिली केळी आत ठेवताना मला माझंच हसू आलं. किरण सरळ रेषेत जातात, हे लातूरच्या क्लासमध्ये मीच वर्षानुवर्षं पोरांकडून घोकून घेतलं होतं.