पाहुण्यांना दाखवायची गरिबी

जरा जवळ सरक ना. इतक्या दिवसांनी उगवलीस आणि परक्यासारखी दाराशी बसतेस? पाय धुतलेस ना? मग बस इथे आणि नीट ऐक.

नव्वदनंतरची गोष्ट. आम्ही सुरतेला, बमरोलीत एका ओळीतल्या खोलीत राहायचो. पुरुषमाणसं पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये. ओळीत ख्रिस्ती घरं दोनच, आमचं आणि शेजारच्या वहिनीचं. वहिनीचा नवरा वारलेला. ती घरी बसून साड्यांना हाताने लेस लावायची. हाताने असं किती होणार? मुलगी सातवीत, तिला शाळेतून काढून धागे कापायला बसवायची वेळ आली होती. शिलाई मशीन मिळाली तर पोर शाळेत राहणार, एवढंच होतं.

आमचे पाळकसाहेब धडपडे. त्यांनी मोठ्या शहरातल्या एका श्रीमंत चर्चला कळवलं. तिथे गरिबांना मशीन द्यायची सोय होती. पण गरीब आधी डोळ्यांनी बघायचा, मग द्यायचं. बरोबरच आहे, आपण वांगीसुद्धा दाबून घेतो.

रविवारी उपासनेनंतर तिथले साहेब आणि बाईसाहेब येणार असं कळलं आणि अख्ख्या ओळीला ताप चढला. समोरची खानदेशी बाई आमच्या देवाची नाही, पण पाहुणा म्हटला की तिला राहवत नाही. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "त्यासले पानी कसामा देशी वं माय? त्या फुटका पेलामा?" आणि स्वतःचा टेबलफॅन उचलून घेऊन आली. मी माझे नवे स्टीलचे ग्लास दिले. कोणी फुलाफुलांची चादर आणली. जालन्याकडच्या म्हातारीने तर अंडी देणारी कोंबडी कापली.

वहिनी म्हणत होती, "अगं, राहू द्या. आहे तसं बघू द्या त्यांना."

कोण ऐकतंय! ओळीच्या इज्जतीचा प्रश्न होता.

पाहुणे आले. पंखा फिरतोय, चादर चमकतेय, रस्सा दरवळतोय. वहिनीच्या अंगावर मिलची डागी साडी, पण डाग निऱ्यांत लपलेला, त्यामुळे बाई कलेक्टरीण दिसत होती. बाईसाहेबांनी रस्सा दोनदा मागून घेतला. मग इकडेतिकडे बघून विचारलं, "हे सगळं तुमचंच का?"

वहिनी पदर सावरू लागली. खोटं बोलणं तिच्या धर्मात बसेना, आणि खरं सांगावं तर दारात उभ्या सगळ्याजणींचं नाक कापलं जाणार. तेवढ्यात खानदेशी बाई दारातूनच गरजली, "तिनंच शे समदं! आमनामा कोनी भिकारी नही!"

पाहुण्या साहेबांनी डोळे मिटून प्रार्थना केली. या बहिणीला प्रभूने भरभरून दिलं म्हणून आभार मानले. उठताना बाईसाहेब म्हणाल्या, "मशीन आपण खऱ्या गरजूला देऊ." म्हातारीने त्यांना वाटेसाठी त्याच कोंबडीची उरलेली अंडी बांधून दिली. तीही त्यांनी घेतली हं.

रिक्षा वळली आणि आमच्यात जुंपली.

"तुझ्या पंख्यानं घात केला!"

"आणि दुसऱ्यांदा रस्सा कोणी वाढला गं?"

पाळकसाहेब पायरीवर डोकं धरून बसले. वहिनी भांडी घासत होती आणि पोरगी पुसून ठेवत होती.

संध्याकाळी वहिनी पंखा परत करायला गेली, तर खानदेशी बाई घेईना. "तुमना देवना मानसेसमोर सांगं ना मी, तुनं शे म्हनीसन. आते परत लिधा ते मी खोटी पडसू." आता ती पंखा घेत नाही म्हटल्यावर मी कुठल्या तोंडाने ग्लास मागू? चादरवालीनेही चादर मागितली नाही. वहिनीच्या घरात सगळं आलं, मशीन सोडून.

काही दिवसांनी तिने दारोदार जाऊन प्रत्येकीला विचारलं, "हे मोडून मशीन घेऊ का?" आम्ही म्हटलं, तुझंच आहे. उधन्याच्या जुन्या सामानवाल्याला ती सगळं देऊन आली आणि एक हातमशीन घेऊन आली. मूठ तुटकी, आवाज असा की मागांचा अख्खा लूमखाता लाजेल. पण चालली. पोरगी सकाळी शाळेत जायची आणि दुपारी आईला चाक फिरवून द्यायची. खानदेशी बाई उन्हाळाभर पुठ्ठ्याने वारा घेत बसली. कोणी विचारलं तर सांगायची, विजेचा वारा आपल्याला बाधतो.

आणि त्या मोठ्या चर्चने नाताळाला काय पाठवावं? गरिबांसाठी साड्यांचं गाठोडं. सुरतेला! सोडून बघतो तर लेस आमच्याकडचीच.

निघालीस? बरं. पण अशी उभ्या-उभ्या येऊ नकोस. पोरांना घेऊन दोन दिवस राहायला ये, आणि लवकर ये.